मे महिन्यातली अश्वशक्ती

गाडीच्या माहितीपत्रकात अश्वशक्तीचा आकडा ठळक छापलेला असतो. तो कोणत्या हवेतला आहे, हे मात्र तिथे क्वचितच सापडते. आज रुळलेल्या अमेरिकी मोजणीपद्धतीत हवेचे प्रमाण तापमान २५ अंश सेल्सिअस धरतात, जुन्या जर्मन पद्धतीत तर २० अंशच. चाचणी वेगळ्या तापमानाला झाली, तरी हिशेब करून आकडा त्या थंड हवेवर आणला जातो आणि मगच छापला जातो. डिसेंबरच्या सकाळी पुण्यात ही गाडी आपल्या आकड्याला जागते. तीच गाडी मे महिन्यात दुपारी दोन वाजता नागपूरहून चंद्रपूरकडे निघाली, बाहेर ४५ अंश आणि खालचे डांबर त्याहून तापलेले, की छापील ताकद आणि ॲक्सिलरेटरखालची ताकद यांची फारकत सुरू होते. चालवणाऱ्याला ती आधी जाणवते. तापमानाचा काटा नंतर हलतो. कधी कधी तर हलतच नाही.

ही फारकत का होते, ती कुठे कमी करता येते आणि कुठे निमूटपणे मान्य करावी लागते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

मराठी वाचकाला तापलेले इंजिन नवे नाही. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात बोर घाट चढताना बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि डिकीतला पाण्याचा कॅन हे उन्हाळी प्रवासाचे नेहमीचे चित्र होते. मात्र त्या इंजिनांकडून कोणी वेगाची अपेक्षा धरत नव्हते. गेल्या दशकात चित्र पालटले. २०१३ मध्ये फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली आणि १.२ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनातून १०५ अश्वशक्ती मध्यमवर्गीय घराच्या पार्किंगमध्ये पोहोचली. २०२० मध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस २४५ च्या अवघ्या २०० गाड्या भारतात विकायला आणल्या. पुढच्याच वर्षी बीएमडब्ल्यूची एम३४० आय चेन्नईत जुळवली जाऊ लागली. त्यातच कंपनीचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून देणारी दुकाने पुण्या-मुंबईत स्थिरावली. इंदूरजवळ पीथमपूरला ११.३ किलोमीटरची वेगवान धावपट्टी २०२१ मध्ये खुली झाली. आता अडचण घाट चढण्यापुरती राहिलेली नाही. ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने, सलग काही मिनिटे, भर उन्हात इंजिन पूर्ण ताकदीने पळवायचे, असा प्रश्न पडणारे लोक आपल्याकडे आता आहेत.

या प्रश्नाच्या मुळाशी एक साधा हिशेब आहे. जाळलेल्या पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरवाटे निघून जाते आणि उरलेल्या भागातली बरीचशी कूलंट आणि तेल यांच्यामार्फत बाहेर टाकावी लागते. मर्सिडीजच्या फॉर्म्युला वन संघाने २०१७ मध्ये चाचणीघरात ५० टक्क्यांहून अधिक ऊर्जा कामी लावल्याचे जाहीर केले, तेव्हा ती बातमी ठरली. रस्त्यावरच्या गाड्या त्यापासून दूर आहेत. २४५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात असताना सुमारे १८० किलोवॅट काम करते आणि त्याच वेळी शंभरेक किलोवॅट उष्णता कूलंटमध्ये ओतते. दीड टनाचा घरगुती एसी खोलीतून साधारण पाच किलोवॅट उष्णता उपसतो. म्हणजे वीसेक एसींचे काम बंपरमागच्या एका जाळीने करायचे असते. कूलंटच्या मिश्रणाने त्यासाठी मिनिटाला दोनशे लिटरच्या आसपास वाहायला हवे, आणि जाळीतून दर सेकंदाला सव्वादोन घनमीटर हवा जायला हवी.

आता ऊन आणू. रेडिएटर किती उष्णता टाकणार, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ७० अंशांचा. हवा ४५ वर गेली की तो ५० उरतो. रेडिएटर तोच, पंखा तोच, वेग तोच. क्षमता मात्र अठ्ठावीस-एकोणतीस टक्क्यांनी घटली. शिवाय तापलेली हवा विरळ असते. २५ वरून ४५ अंशांवर जाताना तिची घनता सहा टक्क्यांनी उतरते, म्हणजे जाळीतून जाणारी हवा वजनाने तेवढी कमी. एसी चालू असला तर त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो आणि आपली उष्णता तो त्याच हवेत मिसळून मागे पाठवतो. इंजिनाला जुना फरक परत मिळवायचा असेल तर एकच मार्ग उरतो: कूलंटने स्वतःच ११५ अंशांपर्यंत चढायचे.

इथे एरवी कुणाचे लक्ष न जाणारा भाग महत्त्वाचा ठरतो, तो म्हणजे रेडिएटरचे झाकण. पाणी आणि ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उघड्या भांड्यात १०७ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाची स्प्रिंग आत सुमारे एक बार जादा दाब धरून ठेवते, म्हणून ते १२५ अंशांच्या पुढेही उकळत नाही. स्प्रिंग सैल झाली किंवा रबर चिरले, की हा जादा पल्ला एका क्षणात जातो. शर्यतीतले लोक हाच नियम उलट बाजूने वापरतात. फॉर्म्युला वनमध्ये कूलंट मुद्दाम जास्त दाबाखाली १२० अंशांच्या वर चालवतात. कूलंट जितके तापलेले तितका हवेशी फरक मोठा, रेडिएटर तितका लहान आणि हवेचा अडथळा तितका कमी. रस्त्यावरच्या गाडीत धोक्याची वाटणारी पातळी तिथे ठरवून गाठलेली असते, अर्थात त्यासाठी पाइप, सील आणि गॅस्केटही तशाच ताकदीचे लागतात.

हवा तापलेली नसली तरी ती विरळ असण्याचा फटका किती मोठा असतो, ते मेक्सिको सिटीत दिसते. तिथला ट्रॅक समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरांहून उंच आहे. हवामान सुखद असते, पण हवा समुद्रकाठच्या तुलनेत वीस-पंचवीस टक्के विरळ. फॉर्म्युला वनचे संघ वर्षातली सर्वांत मोठी उघडी भोके गाडीच्या अंगावर तिथेच ठेवतात. बहारीनमध्ये २००५ साली ४२ अंशांवर शर्यत झाली, ती अडचण वेगळ्या जातीची. एकीकडे हवेचे वजन कमी पडते, दुसरीकडे तिचा थंडावा. विदर्भातल्या गाडीला या दुसऱ्या बाजूचा त्रास मोठा आणि पहिल्याचा थोडा.

रेडिएटर ही जाळी सुचली कशी, हा या विषयाचा रंजक भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाड्या लांबलचक नळ्यांच्या वेटोळ्यांत पाणी फिरवत आणि बरेचसे वाफेने गमावत. डायम्लरच्या कारखान्यात विल्हेल्म मायबाख याने पाण्याच्या टाकीतून ८,०७० बारीक चौकोनी नळ्या आरपार काढल्या. प्रत्येक नळी सहा मिलिमीटर रुंद. नळ्यांतून हवा जायची आणि त्यांच्या बाहेरून पाणी. मागे एक छोटा पंखा. या जाळीसह ३५ अश्वशक्तीची पहिली मर्सिडीज १९०१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या नीसच्या शर्यतींत उतरली आणि तिने तिथे सगळ्यांना मागे टाकले. ती गाडी मागवणारे व्यापारी एमिल येलिनेक यांच्या मुलीचे नाव गाडीला मिळाले, हे सर्वांना ठाऊक असते. त्या ३५ अश्वशक्ती टिकून राहिल्या त्या जाळीमुळे, याची आठवण कमी जणांना असते.

पुढचा धडा विमानांनी दिला. १९३१ च्या श्नायडर ट्रॉफीत जिंकलेल्या सुपरमरीन एस. ६ बी या विमानाला रेडिएटर असा दिसतच नव्हता. पंखांचा आणि तरंडांचा पत्राच दुहेरी होता आणि त्यातून पाणी फिरत होते. त्याच दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या संशोधन संस्थेत एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी दाखवले की रेडिएटरपुढची वाट हळूहळू रुंद केली तर हवा मंदावते आणि तिचा दाब वाढतो, जाळीत ती तापते, आणि मागची वाट अरुंद ठेवली तर तीच हवा वेगाने बाहेर पडून अडथळ्याची काही भरपाईही करते. मस्टँग या लढाऊ विमानाच्या पोटाखालचा फुगवटा याच तत्त्वावर बेतलेला होता. आज कोणत्याही नीट घडवलेल्या वेगवान गाडीत रेडिएटरच्या चारही कडा बंदिस्त केलेल्या दिसतात. हवा आळशी असते. कडेने सोपी वाट मिळाली तर ती जाळीत शिरत नाही.

एस. ६ बी सारखा पत्र्यातला रेडिएटर ४७ वर्षांनी एका मोटारीत पुन्हा अवतरला. ब्रॅबहॅम संघाचे डिझायनर गॉर्डन मरे यांनी १९७८ च्या बीटी ४६ गाडीच्या दोन्ही अंगांवर सपाट पत्र्यांचे रेडिएटर बसवले. अडथळा जवळजवळ शून्य, वजन कमी, दिसायला देखणे. पण आतल्या बारा सिलिंडरांच्या अल्फा रोमिओ इंजिनाची उष्णता त्यांना पेलली नाही. विमानाचा पंख मोठा असतो आणि त्याच्यावरून जाणारी हवा कितीतरी वेगवान. मोटारीला त्यातले काहीच मिळत नाही. कल्पना मोडीत निघाली आणि नेहमीचे रेडिएटर पुढे नाकात बसवावे लागले.

मरे यांनी त्याच वर्षी दुसरा डाव टाकला. रेडिएटर इंजिनावर आडवा ठेवला आणि गाडीच्या मागे एक मोठा पंखा लावला. पंखा रेडिएटरमधून हवा ओढत होताच, पण गाडीच्या पोटाखालची हवाही उपसत होता, त्यामुळे गाडी रस्त्याला चिकटून राहायची. हवेच्या जोरासाठी हलते भाग लावायला नियमांत बंदी होती. पंख्याचे मुख्य काम इंजिन थंड ठेवणे आहे, हा संघाचा युक्तिवाद होता. १७ जून १९७८ रोजी स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्पला निकी लाउडा यांनी ती गाडी अर्ध्या मिनिटाहून अधिक फरकाने जिंकून दिली. बाकीच्या संघांनी हलकल्लोळ केला, गाडी मागे घेतली गेली आणि ती पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही. निकाल मात्र कायम राहिला. मरे यांनीच पुढे घडवलेल्या मॅक्लारेन एफ १ मध्ये इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख आहे, कारण उष्णता परतवून लावण्यात सोन्याला तोड नाही.

रस्त्यावरच्या गाड्यांनी या प्रश्नाची उत्तरे आपापल्या परीने शोधली. फेरारीने १९८४ च्या टेस्टारोसात रेडिएटर पुढून काढून इंजिनाशेजारी दोन्ही बाजूंना नेले, कारण आधीच्या गाडीत गरम पाण्याचे पाइप केबिनखालून जात आणि आत बसणारे भाजून निघत. दारांवरच्या त्या प्रसिद्ध पट्ट्या म्हणजे या रेडिएटरांच्या हवेच्या तोंडावरची जाळी. पोर्शेने ९११ ला तीन दशकांहून अधिक काळ पंख्याच्या हवेवर आणि भरपूर तेलावर थंड ठेवले. १९९० च्या दशकाअखेरीस, सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि कडक होत जाणारे धुराचे नियम यांपुढे पाण्याला शरण जावे लागले. २००५ च्या बुगाटी व्हेरॉनमध्ये हजार अश्वशक्तीसाठी एकूण दहा रेडिएटर लागले.

आतापर्यंतचा सगळा हिशेब इंजिनातून उष्णता बाहेर काढण्याचा होता. टर्बो गाडीत दुसरी बाजू तितकीच भारी असते: आत जाणारी हवा. हवा दाबली की तापते. टर्बोने ती दुप्पट दाबावर नेली, तर बाहेर २५ अंश असताना कंप्रेसरमधून ती साधारण ११८ अंशांवर निघते आणि बाहेर ४५ असताना १४४ च्या घरात. बाहेरच्या वीस अंशांचे आत सव्वीस होतात. इंटरकूलरने ती कितीही निववली तरी बाहेरच्या हवेपेक्षा थंड करता येत नाही. सिलिंडरमधली हवा जास्त गरम झाली की ठिणगीची ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले पेट्रोल आपसूक पेटते. यालाच नॉकिंग म्हणतात आणि पिस्टन फोडण्याची ताकद त्यात असते. आजचा संगणक ते होऊ देत नाही. तो ठिणगी उशिरा टाकतो, टर्बोचा दाब उतरवतो आणि ताकद गुपचूप कमी करतो. ‘उन्हाळ्यात गाडी ओढत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा रेडिएटर नसतो, ही कपात असते.

यावरचे उपायही जुने आहेत. ओल्ड्समोबिलच्या १९६२ च्या जेटफायरमध्ये टर्बोबरोबर पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची टाकी होती. ती रिकामी झाली की दाब आपोआप मर्यादित व्हायचा. मालक टाकी भरायला विसरत आणि गाडीला नावे ठेवत. दोनच वर्षांत ती बंद झाली. बीएमडब्ल्यूने २०१५ मध्ये एम ४ जीटीएसमध्ये बॉशच्या साहाय्याने हीच कल्पना पुन्हा आणली. सुबारू आणि मित्सुबिशीच्या रॅली-वंशातल्या गाड्यांत इंटरकूलरवर पाण्याचा फवारा मारायचे बटन असे. आपल्याकडे आता पंपावर मिळणारे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल या एका बाबतीत उपयोगी पडते. बाष्प होताना इथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते आणि नॉकिंगलाही जास्त दाद देत नाही. मायलेज घटते ते वेगळे, आणि इंजिन त्या इंधनासाठी बनलेले असायला हवे.

या पुस्तकातली सर्वांत उपयोगाची पाने बहुधा गॅरेजमधल्या समजुतींवरची ठरतील. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे हा आपल्याकडचा आवडता इलाज आहे. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर रेडिएटरच्या आड येत नाही, त्यामुळे तो काढून कमाल क्षमतेत फारसा फरक पडत नाही. उलट काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की ती वाट कायम उघडी राहते आणि कूलंटचा काही भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच परत फिरतो. कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरणे हा दुसरा प्रकार. शुद्ध पाणी खरोखरच ग्लायकॉलपेक्षा उष्णता चांगली वाहते. सांडल्यावर रस्ता निसरडा होतो म्हणून अनेक शर्यतींत ग्लायकॉलला बंदीही असते, आणि तिथे गंजरोधक घातलेले पाणीच वापरतात. पण क्षाराचे पाणी जाळीच्या नळ्यांत आतून थर धरते, आणि गंजरोधकाविना ॲल्युमिनियम झिजत जाते.

बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून फट ठेवण्याची टूम तर कारमेळ्यांत हमखास दिसते. गाडी उभी असताना त्या फटीतून गरम हवा निघते हे खरे. पण वेगात विंडस्क्रीनच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून हवा बाहेर पडण्याऐवजी आत शिरू शकते आणि रेडिएटरमागची वाट अडवते. हवा बाहेर काढायची भोके बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या जरा मागे, जिथे दाब कमी असतो तिथे हवीत.

काट्यावरचा विश्वास हा आणखी एक सापळा. बहुतेक आधुनिक गाड्यांत कूलंट ७५ असो की १०५, काटा मुद्दाम मध्यावर ठेवलेला असतो, मालकाने उगाच घाबरू नये म्हणून. तो मध्यावरून हलला, तेव्हा वेळ थोडा उरलेला असतो. ॲल्युमिनियमचे हेड लोखंडाच्या ब्लॉकपेक्षा जवळजवळ दुपटीने प्रसरण पावते. मर्यादा ओलांडली की हेड वाकते आणि गॅस्केट उडते. खरे आकडे पाहायचे असतील तर गाडीच्या निदान-सॉकेटमध्ये बसणारे स्वस्तातले उपकरण पुरते. त्यावर कूलंटबरोबर आत येणाऱ्या हवेचे तापमान दिसते, आणि काही गाड्यांत तेलाचेही. ट्रॅकवर बहुधा तेलच आधी हात टेकते. १०० ते ११० अंशांवर ते सुखात असते. १३० च्या पुढे ते पातळ होते आणि लवकर खराब होते, कूलंटचा काटा जागेवर असला तरी.

पुस्तकाची मांडणी उष्णतेच्या प्रवासाप्रमाणे केली आहे: आधी सिलिंडर आणि कूलंट, मग रेडिएटर आणि हवेच्या वाटा, मग टर्बो आणि इंटरकूलर, त्यानंतर तेल आणि गिअरबॉक्स, आणि शेवटी रहदारी, घाट आणि ट्रॅक या तीन प्रसंगांसाठीच्या सवयी. प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न विचारला आहे: या साखळीतली सर्वांत कमजोर कडी कोणती? मोठा रेडिएटर घेऊन त्यामागची वाट बंदच ठेवली, किंवा मोठा इंटरकूलर लावून रेडिएटरची हवा अडवली, तर खर्च होतो आणि गाडी होती तिथेच राहते. छापील अश्वशक्ती विकत मिळते. ती मे महिन्यात किती मिनिटे टिकणार, हे उष्णता बाहेर पडण्याच्या वाटेवर ठरते, आणि ताकद वाढवण्याचा पैसा खर्च करण्याआधी या वाटेवर खर्च करावा, असे या पुस्तकाचे स्पष्ट मत आहे.

तेव्हा वाचकाने गुढीपाडव्याच्या आसपास एक सकाळ मोकळी काढावी. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये साचलेली धूळ, किडे, काडीकचरा मागच्या बाजूने, मंद धारेने धुवावा. प्रेशर वॉशरने पात्या वाकतात. पंखा दोन्ही वेगांवर चालतो का पाहावे, झाकणाचे रबर तपासावे, कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचे आणि प्रमाणाचे आहे याची खात्री करावी. जोरात पळवल्यानंतर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवून मगच इंजिन बंद करावे, म्हणजे टर्बोमधले तेल जागच्या जागी जळत नाही. बंद केल्यावरही पंखा किंवा छोटा पंप काही वेळ फिरत राहिला तर तो बिघाड समजू नये. काटा चढलाच तर एसी बंद करून, हीटर पूर्ण जोरात लावून गाडी सुरक्षित जागी घ्यावी आणि इंजिन थांबवावे. आणि इंजिन हाताला कोमट लागेपर्यंत, किमान अर्धा तास तरी, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये.